राहून गेलेला चौक

लंडनला गेलेला आपला माणूस राजवाडा, म्युझियम आणि थेम्सवरचे पूल पाहून परततो. आम्ही मात्र ऑक्टोबरातली एक सकाळ बेक्स्लीहीथसाठी राखून ठेवली होती. लंडनच्या आग्नेयेचे हे उपनगर. आगगाडीतून उतरून चालू लागलो, तो दुतर्फा एका साच्यातून काढल्यासारखी घरे. "पत्ता चुकला तुमचा," सौ. दोनदा म्हणाली. तेवढ्यात एक भिंत आली, फाटक आले, आणि आत झाडांमध्ये तांबड्या विटांचे 'रेड हाउस'!

१८५९ साली इथे केंट परगण्यातले खेडे आणि फळबागा होत्या. घराचा धनी विल्यम मॉरिस पंचविशीचा, नुकतेच लग्न झालेला. बांधणारा त्याचा मित्र फिलिप वेब अठ्ठावीस वर्षांचा, आणि स्वतंत्रपणे घेतलेले त्याचे हे पहिलेच काम. त्या काळी विटांवर गिलावा चढवून घर दगडी असल्याचा आव आणण्याची चाल होती. वेबने विटा उघड्या ठेवल्या. वर उभट उताराची तांबडी कौले. खिडक्या कुठे उंच, कुठे रुंद, माडीवरच्या बोळात तर चक्क गोल! बाहेरून जोडी जुळते की नाही याची फिकीर नाही. आतल्या खोलीला हवी तशी खिडकी. 'आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स' म्हणून पुढे गाजलेल्या पद्धतीचा उगम पुष्कळजण याच घरात शोधतात.

एक तक्रार मात्र आहे. बसण्या-जेवण्याच्या मुख्य खोल्यांची तोंडे उत्तरेला. विलायतेच्या थंडीत हा काय विचार? दिवाणखाना सुंदर खरा, पण मी ओव्हरकोट काढला नाही.

जिना चढताना सौ. एकदम थबकली. छताच्या गिलाव्यात बारीक छिद्रे टोचलेली, आणि त्यांच्या आधाराने नक्षी रंगवलेली. "अहो, हा तर रांगोळीचा कागद!" दिवाळीत छिद्रांच्या कागदावरून रांगोळी पसरणाऱ्या बाईला ती युक्ती समजावून द्यावी लागली नाही. मनासारखे सामान बाजारात मिळेना, म्हणून मॉरिस, त्याची बायको जेन आणि पाहुणे आलेले मित्र स्वतःच कुंचले आणि सुया घेऊन बसत. चित्रकार बर्न-जोन्सने दिवाणखान्याची भिंत रंगवली. या खटपटीतूनच १८६१ साली मित्रमंडळींची सजावटीची कंपनी निघाली.

मागे अंगणात विहीर आहे. तिच्यावर कौलांची निमुळती टोपी. घर काटकोनात, म्हणून विहिरीच्या दोनच बाजूंना भिंती. उरलेल्या बाजूंचे नकाशे वेबने १८६४ साली काढले होते. बर्न-जोन्सचे बिऱ्हाड तिथे यायचे होते. दोन कुटुंबे, मध्ये विहीर. म्हणजे आपला चौसोपी वाडाच म्हणा ना!

त्याच वर्षी बर्न-जोन्सच्या घरात स्कार्लेट फीव्हर शिरला आणि नुकते जन्मलेले मूल गेले. इकडे मॉरिसला संधिवाताच्या तापाने गाठले. कंपनीसाठी लंडनची ये-जा झेपेना. मित्राने बेत सोडला. १८६५ साली मॉरिस बायको आणि दोन लहान मुलींना घेऊन लंडनला राहायला गेला. जेमतेम पाच वर्षांचा संसार! पाहवणार नाही म्हणून तो या घराकडे पुन्हा कधी फिरकला नाही.

आता, २००३ पासून, घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. निघताना मी सौ.ला हाक मारली, तर ती विहिरीपलीकडच्या मोकळ्या जागेत पावलांनी काही मोजीत होती.

"इथे दुसरीचे स्वयंपाकघर आले असते," ती म्हणाली. "अगदी हाकेच्या अंतरावर."