सड्यावरची गाडी

आमच्या वाडीतून सड्यावर जाणारी घाटी मी ३८ वर्षं चढलो नव्हतो. खाली वाडीपर्यंत डांबरी रस्ता आला आणि ती चढायची कुणाला गरजच उरली नाही. गेल्या डिसेंबरात मात्र तिथूनच धावण्याची शर्यत जाणार होती. गणपतीपुळ्याच्या पुळणीवरून निघायचं, सडे चढत-उतरत, आरे-वारेवरून काळबादेवी गाठायची आणि त्याच वाटेनं परत यायचं. अंतर ४२ किलोमीटर, मुदत आठ तासांची. त्यासाठी पैसे भरलेत म्हटल्यावर आई म्हणाली, "पैशे देऊन घाटी चढायची?"

त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे सकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी असते आणि दुपारी बाराला उधाणाची भरती. त्यामुळे सुटलो तेव्हा ओली वाळू अशी घट्ट होती की पाऊलही धड उमटत नव्हतं. शहरातली पोरं सुसाट सुटली. मी दम राखून होतो. परत येऊ तेव्हा हीच वाट पाण्याखाली असणार आणि वरच्या कोरड्या वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतणार, हे काठावर वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

सड्यावर जांभ्याचा कातळ, त्यावर वाळकं गवत. गवतात लपलेले दगड चुकवत धावायचं. आमची घाटी आली तेव्हा मी नुसता पायांकडे बघत खाली उतरलो. वर मान केलीच नाही.

परतीच्या वाटेवर, तिसाव्या किलोमीटरला, पाखाडीच्या पहिल्या पायरीवर आई बसली होती. हातात तांब्या, त्यात मीठ घातलेलं कोकमाचं सरबत. मी घटाघटा प्यायलो आणि लगेच निघालो, तशी ती म्हणाली, "हलू जा बाला. आता कंची गाडी धरायची हाय?"

तिनं ते सहज म्हटलं की मुद्दाम, मला ठाऊक नाही. माझे पाय मात्र तिथंच थांबले.

१९८७ साली भातकापणीत बाबांना फुरसं चावलं. दिवेलागणीची वेळ. चुलत्यांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. रत्नागिरीला जाणारी शेवटची एसटी सड्यावरून जायची. पलीकडच्या चढाला ती घरघरायला लागली की खाली वाडीत ऐकू यायची. तो आवाज आला आणि चुलते ओरडले, "पळ! गाडी थांबव!" मी दहा वर्षांचा. अनवाणी पळत सुटलो. मधल्या वळणावर छाती फुटायला आली म्हणून एका चिऱ्यावर टेकलो. किती वेळ, ते आठवत नाही. वर पोचलो तेव्हा लांबवर गाडीचे दोन लाल दिवे दिसले.

डोली वर आली, पण गाडी नव्हती. पुष्कळ रात्री चिऱ्यांचा एक ट्रक मिळाला. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. मी मध्ये टेकलो होतो, हे मी कुणालाच सांगितलं नाही. पुढं मुंबईत नोकरी लागली, चाळिशीनंतर धावायला लागलो. लोक विचारत, हे वेड कुठून लागलं? मी हसण्यावारी न्यायचो.

आता मी घाटी चालतच चढलो. पायऱ्या निखळल्यात, करवंदीच्या जाळ्या वाटेवर आल्यात. ते वळण आलं. चिरा सापडला नाही. वर पोचून घड्याळ बघितलं : २४ मिनिटं. उन्हात उभा राहून पहिल्यांदाच हिशेब मांडला. घरघर ऐकू आल्यापासून गाडी आमच्या थांब्यावर यायला पाचएक मिनिटं लागायची.

पुढची वाळू कशी तुडवली ते सांगत नाही. सात तास चाळीस मिनिटांत पोचलो. पहिला आलेला मुलगा सावलीत बसून केळं खात होता. पंचविशीचा, हरणासारखे पाय. त्याला विचारलं, "ती मोठी घाटी चढायला किती वेळ लागला तुला?" त्यानं घड्याळात बघून सांगितलं, "नऊ मिनिटं, काका. का हो?"

"काही नाही," म्हटलं.

संध्याकाळी घरी ओटीवर बसलो होतो. आई माझ्या पायांना खोबरेल चोळत होती. सगळं सांगून टाकलं. टेकलो होतो तेही, आणि पाच मिनिटं, नऊ मिनिटं तेही. तिचा हात थांबला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली,

"येवढी वर्सं ह्येच मोजत व्हतास? तुला कोन काय बोललं व्हतं काय?"

कुणीच काही बोललं नव्हतं.

"दुसरा पाय दे हिकडं," ती म्हणाली.