ट्रंकेतली उर्दू

उमरीचं घर विकायचं ठरलं तेव्हा माळवदाच्या खोलीत आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आत सगळे उर्दू कागद. चुलतभाऊ म्हणाला, "रद्दीत दे. वाचणारं कोण हाय आता?"

खरंच होतं. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. वडील दुसरीत असताना, सप्टेंबर १९४८मध्ये, ते राज्य गेलं. त्यानंतर वडिलांनी उर्दूचं एक अक्षर काढलं नाही. का, हे विचारायची आमची टाप नव्हती. आता ते नाहीत.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. दरवर्षी कडबा पाण्यात कुजवतो आणि मुलांना पॅरामेशियम दाखवतो. एका पेशीच्या या जिवात दोन प्रकारची केंद्रकं असतात. लहान केंद्रकात वंशाचा सगळा मजकूर असतो, पण ते एरवी गप्प असतं. रोजचा कारभार मोठं केंद्रक चालवतं. लैंगिक प्रजननानंतर जुनं मोठं केंद्रक विरून जातं आणि लहान केंद्रकाच्या वंशातून नवं घडतं. त्या वेळी, पॅरामेशियम टेट्रॉरेलिया या जातीत, डीएनएचे सुमारे ४५,००० तुकडे कापून टाकले जातात.

काय कापायचं, हे कोण सांगतं? लहान केंद्रकातून आरएनएचे बारीक तुकडे निघतात. ते जुन्या मोठ्या केंद्रकाशी ताडून पाहिले जातात. तिथं जे सापडत नाही, ते नव्यातूनही छाटलं जातं. विरून जाणारं केंद्रक जाता जाता एवढंच सांगून जातं : माझ्याकडे हे नव्हतं, तूही ठेवू नकोस.

हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. त्या दिवशी ट्रंकेपाशी बसल्यावर मात्र वडील आठवले.

एरिक मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये कापला जाणारा असा एक तुकडा जुन्या मोठ्या केंद्रकात मुद्दाम घातला. पुढच्या पिढीच्या नव्या केंद्रकात तो राखला गेला. सगळ्याच तुकड्यांचं असं होत नाही, काहींचंच होतं.

ट्रंक मी नांदेडला आणली. गल्लीतले एक निवृत्त उर्दू शिक्षक संध्याकाळी तासभर शिकवतात. चौपन्नाव्या वर्षी अलिफ, बे, पे गिरवताना हात अडखळतो. कागद वाचता यायला अजून वेळ आहे.

काल लेक शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, हे उजवीकडून का लिहिता?"

मी तिच्या हातात पेन्सिल दिली.