विष न मारता

आषाढातली सकाळ. रात्रभर पडून पाऊस नुकताच उघडलाय. कुंपणाकडेला गाजरगवत गुडघाभर वाढलंय, पण अजून फुललेलं नाही. उपटायची हीच वेळ. ओल्या मातीतून ते मुळासकट येतं. एकदा पांढरी फुलं धरली की एकेक झाड हजारो बिया सांडतं. अंगाला खाज सुटते, काहींना दमा होतो. म्हणून हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून बसले.

शेजारचे काका म्हणाले, "तणनाशक मारा, एका दिवसाचं काम." पण याच मातीत गांडुळं आहेत, हौदापाशी बेडूक आहेत, झेंडूवर मधमाश्या येतात. त्यांचं घर विषारी करून मिळालेली स्वच्छता मला नको.

उपटताना एका पानावर तो दिसला. पांढुरका, पाठीवर तपकिरी रेघा. मेक्सिकन भुंगेरा! १९५५च्या सुमारास हे गवत पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं. त्याला खाणारा हा किडा १९८४ मध्ये भारतात सोडला गेला. कोरड्या दिवसांत तो मातीत निजतो, पावसाबरोबर वर येतो. त्याची झाडं मी तशीच राखली.

लव्हाळ्याचं मात्र वेगळं. वरून उपटला की जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो. तिथं खुरपं खोल घालायचं आणि गाठ न् गाठ वेचायची.

मोकळ्या जागी आता टाकळा पेरेन. तो दाट वाढला की गाजरगवताला जागा उरत नाही, आणि कोवळ्या पानांची भाजीही होते.

कंबर दुखतेय. पण खुरप्याजवळून एक बेडूक निर्धास्त उडी मारून गेला, तेव्हा मन भरून आलं.