गिटार, कूलर आणि बाबा
मे महिन्यात यवतमाळला घरी गेलो तेव्हा म्हटलं, गिटार रेकॉर्ड करूनच बघू. यूएसबी माइक होता, ऑडॅसिटी तर फुकटच. पहिला टेक नुसता घुमला! माइक गिटारच्या भोकासमोर धरला की हेच होतं. बाराव्या फ्रेटसमोर, वीतभर अंतरावर ठेवला, तर तारा मोकळ्या वाजल्या. मागे कूलरची घरघर मात्र होतीच. नॉइज रिडक्शन जास्त लावलं, तर तारांची झणझणही गेली. आता 44 डिग्रीत कूलर बंद करा, हे कुणी सांगायचं? त्यात इंजिनिअरिंगला असताना याच गिटारवरून घरात महाभारत झालेलं. पण बाबांनीच उठून बटण दाबलं आणि घाम पुसत गप्प बसून राहिले.

टेकमध्ये दोन चुका आहेत. शेवटी "झालं काय रे?" असंही ऐकू येतं. ते कापलेलं नाही.