नव्वद नंबरचं तेल

4 जानेवारी 2025
साताऱ्याहून गाडी घेऊन आले. क्लचचं पूर्ण काम झालं: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. बिल 11,400. वाईत राहायचं आणि रोज पसरणी घाट चढून पाचगणीच्या शाळेत नोकरीला जायचं, म्हणजे क्लच खपणारच. जुनी प्लेट मागून घेतली होती. तिच्यावरचं अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत घासलेलं दिसलं, त्यामुळे काम गरजेचं होतं याबद्दल काही म्हणणं नाही. बॅटरी सोडवल्यामुळे गाडीतल्या घड्याळात बारा वाजलेत, तेही चालायचंच.

पण पाचवडच्या फाट्यावर थांबले आणि पहिला गिअर पडेना. न्यूट्रलला आणून, पुन्हा क्लच दाबून, जरा जोर लावल्यावर खाटकन पडला. जुन्या क्लचचे बाकी सगळे नखरे होते, हा नव्हता.

5 जानेवारी
सकाळी गंगापुरीतल्या बोळातून गाडी मागे घेताना रिव्हर्सला असा करकराट झाला की समोरच्या जोशीकाकू खिडकीत आल्या. आमच्या गाडीत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे दात शिरण्याआधी वेग जुळवणारी रिंग, नाही. पुढच्या पाच गिअरांना आहे, मागच्याला नाही. म्हणून रिव्हर्स टाकताना क्लच पूर्ण दाबून दोनतीन सेकंद थांबायचं, आतला शाफ्ट फिरायचा थांबला की गिअर मुकाट पडतो. हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे आणि मी थांबलेही. तरी करकर. म्हणजे क्लच दाबूनही आतला शाफ्ट फिरतोच आहे.

7 जानेवारी
काल आणि आज घाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकताना हात भरून आला. गॅरेजला फोन केला. ‘‘मॅडम, नवीन प्लेट आहे, बसायला वेळ लागतो. पाचशे किलोमीटर चालवा, आपोआप सेट होईल.’’

यातलं अर्धं खरं आहे. नवी प्लेट फ्लायव्हीलवर घासून बसायला थोडं अंतर जातं, तोवर गाडी उचलताना जरा थरथर होऊ शकते. पण त्याचा संबंध पकड धरण्याशी. माझी तक्रार पकड सुटत नाही ही आहे. तेवढं फोनवर सांगायला गेले तर पलीकडून ‘‘साहेबांना एकदा चालवून बघायला सांगा ना.’’ साहेबांना गाडी येत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

9 जानेवारी
संध्याकाळी शेजारचे आबा आले. आबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, महाबळेश्वरची गाडी त्यांनी वर्षानुवर्षं याच घाटातून नेली. मी न बोलावताच आले, कारण करकराट त्यांच्या ओट्यापर्यंत जातो.

आधी त्यांनी वाकून पेडलखालचं मॅट ओढून बघितलं. जाड मॅट पेडलखाली दुमडलं की क्लच पुरता दबत नाही, आणि लोक गिअरबॉक्स उतरवून बसतात, म्हणाले. मॅट ठीक होतं. मग इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघायला लावले. पहिला, दुसरा, तिसरा, रिव्हर्ससुद्धा, सगळे अलगद. इंजिन चालू केलं की पहिला अडतो आणि रिव्हर्स ओरडतो.

‘‘मग बॉक्स चांगला हाय तुझा,’’ आबा म्हणाले. ‘‘बंद गाडीतबी अडला असता तर लिव्हरच्या केबलीत लोचा. एकच गिअर कायम ओरडला असता तर त्याची रिंग गेली म्हणायची. हितं चालू गाडीलाच अडतोय, म्हंजी क्लच सुटत न्हाई.’’

मग न्यूट्रलला इंजिन चालू ठेवून त्यांनी कान दिला. क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. उलट दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. आमच्याकडे दोन्ही नाही. शेवटी हातानं पेडल दाबून बघितलं. जवळजवळ अर्धं पेडल नुसतंच पोकळ खाली जातं, कसला विरोधच नाही. शनिवारी मला वाटलं होतं पेडल हलकं झालं. हलकं कसलं, अर्धं रिकामं होतं.

जाताजाता आणखी एक सापडलं. गाडी मागे घेताना आबा पाठीमागे उभे होते. रिव्हर्सचा पांढरा दिवा लागतच नाही. त्या दिव्याचा स्विच गिअरबॉक्सवर असतो, आणि बॉक्स उतरवताना त्याचा सॉकेट काढावा लागतो. काढला, परत लावला नाही. जो हे विसरला, तो आणखी काय विसरला असेल?

10 जानेवारी
पेडल पोकळ का, हे रात्री मॅन्युअल काढून समजून घेतलं. आमच्या गाडीचा क्लच तारेवर चालतो. प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची पाकळ्यांसारखी टोकं बाहेर, म्हणजे रिलीज बेअरिंगकडे सरकत येतात आणि पेडलमधली ढील कमी होत जाते. म्हणून दर सर्व्हिसिंगला मिस्त्री तार थोडी सैल करतो. वर्षानुवर्षं असं करून माझी तार जुन्या, झिजलेल्या प्लेटच्या मापाला आलेली. आता नवी जाड प्लेट बसली, पाकळ्या पुन्हा आत गेल्या, आणि तार राहिली तेवढीच सैल. पेडल तळाला टेकलं तरी प्लेट पुरती मोकळी होत नाही. गिअरबॉक्स खाली उतरवून परत चढवण्याचं अवघड काम नीट झालं, आणि शेवटचा नट फिरवायचा राहिला.

13 जानेवारी
पौष पौर्णिमा, मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा. आबा म्हणाले होते, आज गाडी काढू नको. पण शाळेला सुट्टी नव्हती. काळूबाईला जाणारे टेम्पो, ट्रॅक्स, पायी निघालेली माणसं. वाईतून बाहेर पडायलाच कितीतरी वेळ. क्लच पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये उभी राहिले, तर गाडी मुंगीच्या पावलानं पुढे सरकतेच आहे. ब्रेक सोडायची सोय नाही. क्लच सुटत नसल्याचा याहून ठळक पुरावा काय मागायचा!

क्लच जसजसा तापला तसतसा आणखी धरायला लागला आणि पहिला पडेनासा झाला. मग आबांनी सांगून ठेवलेला इलाज केला: इंजिन बंद करायचं, बंद गाडीत पहिला टाकायचा, क्लच दाबून तसाच स्टार्टर मारायचा. गाडी उडी मारून सुरू होते. पुढे दोन हात मोकळी जागा असेल तरच करावं.

14 जानेवारी
संक्रांत. गॅरेज बंद. आबांना तिळगूळ द्यायला गेले तर डबल क्लचची गोष्ट निघाली. सिंक्रो नव्हते तेव्हा गिअर उतरवताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून मध्येच थोडी रेस, पुन्हा दाबून खालचा गिअर, असं करावं लागे. आतल्या दोन चक्रांचा वेग पायाच्या अंदाजानं जुळवायचा. चुकलं की सगळ्या बसला कळायचं. कॅडिलॅकनं 1928 साली सिंक्रोमेश आणलं आणि हे काम पितळी रिंगेकडे गेलं. रिंग आधी गिअरच्या शंकूवर घासते, दोघांचा वेग एक करते, मगच दात एकमेकांत शिरतात. आबांचा त्यावरचा अभिप्राय: ‘‘सिंक्रो आलं आन् ड्रायव्हर बिघडला.’’ मला हे पटत नाही. पसरणीच्या वळणावर समोरून बस येत असताना पायाचा अंदाज जुळवण्यापेक्षा पितळेवर भरवसा टाकलेला बरा.

16 जानेवारी
अर्धी रजा टाकून साताऱ्याला. मी तारेचं नाव घेतल्यावर फोरमननं मुलाला हाक मारली, त्यानं बॉनेट उघडून नट फिरवला, ढील दोन सेंटिमीटरच्या आसपास आणली, रिव्हर्सच्या दिव्याचा सॉकेटही खोचला. चहा यायच्या आत काम संपलं. पहिला अलगद, रिव्हर्स गप्प. पैसे मागितले नाहीत, चूक झाली असंही कुणी म्हटलं नाही.

मग मी सांगितलं की सकाळच्या वेळी तिसरा अजून जड जातो. फोरमननं लिव्हर हलवून बघितला, गाडी चालवून न बघताच सांगितलं: ‘‘सिंक्रो गेलेत. बॉक्स जुना झाला. रिकंडिशन बॉक्स टाकू, अडतीस हजारांत बसवून देतो.’’ क्लचच्या कामाला गाडी दिली तेव्हा तिसरा लोण्यासारखा पडत होता. दोन आठवड्यांत सिंक्रो जातात कुठे?

18 जानेवारी
थंडीचा कडाका. सकाळी निघाल्यावर दुसऱ्यावरून तिसरा टाकताना लिव्हर मध्येच अडून बसतो, दाबून धरला की मग जातो. घाट अर्धा चढेपर्यंत तक्रार कमी, पाचगणीत पोचेपर्यंत जवळजवळ नाहीशी. परतताना काहीच नाही. झिजलेली रिंग तापल्यावर बरी होत नाही. तापल्यावर पातळ होतं ते तेल.

बिल काढून वाचलं. ‘गिअर ऑइल 90’, एवढंच. किती लिटर, कुठल्या प्रतीचं, काही नाही. चाकांकडे जाणारे शाफ्ट बाहेर ओढले की बॉक्समधलं तेल काढावंच लागतं, म्हणून ते बदललं हे बरोबर. पण मॅन्युअलमध्ये लिहिलंय 75डब्ल्यू-80, जीएल-4. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती वाहतं ते सांगतो, नंतरचा तापल्यावर किती जाड राहतं ते. आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ड्रममध्ये असतं ते नव्वद नंबर बहुतेक ट्रकच्या डिफरन्शिअलसाठीचं, थंडीत काकवीसारखं घट्ट. रिंगेवर बारीक खाचा असतात, त्या तेलाचा थर कापून शंकूला घट्ट धरतात; थर जाड असला की रिंग नुसती घसरते, वेग जुळत नाही, गिअर अडतो. शिवाय डिफरन्शिअलचं तेल बहुधा जीएल-5 असतं. त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त, आणि ती काही तेलांत पितळेला खातात. म्हणजे आज न गेलेले सिंक्रो हेच तेल चालू ठेवलं तर उद्या जाऊ शकतात.

21 जानेवारी
साताऱ्याला गेले नाही. वाईतच एका मिस्त्रीकडे गाडी दिली. त्याची टपरीवजा शेड आहे, ड्रम एकही नाही, सगळी तेलं सीलबंद डब्यात. गाडी सपाट जागेवर चारी चाकांखालून सारखी उचलली, बाजूचा लेव्हल प्लग सोडला. तेल भरताना या भोकातून ओघळायला लागेपर्यंत भरायचं असतं. ओघळणं दूरच, बोट आत घातलं तर कोरडं. खालचा प्लग सोडून निघालेलं तेल मापात घेतलं: दीड लिटरही भरलं नाही. लागतं दोनच्या वर.

उरलेलं कुठे गेलं तेही दिसलं. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर काळी रेघ, आणि तिला कुजक्या अंड्यासारखा वास. इंजिन ऑइलला तो येत नाही, गिअर ऑइलच्या गंधकाचा येतो. शाफ्ट परत घालताना सीलची कड फाटली होती. मी विचारलं, इतके दिवस या तेलावर चालली, रिंगा गेल्या का? त्यानं निघालेलं तेल बोटांवर चोळून उन्हात धरलं. ‘‘ताई, पितळेची चमक दिसत न्हाई. वेळेत आलाय.’’ सील बदलून, सांगितलेल्या ग्रेडचं तेल प्लगातून ओघळेपर्यंत भरलं.

23 जानेवारी
काल आणि आज, दोन्ही सकाळी थंडी तशीच होती. तिसरा पहिल्या किलोमीटरपासून सरळ पडतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता, त्यावर एक थेंब नाही.

साताऱ्याच्या गॅरेजला दोन्ही बिलांच्या प्रती आणि फाटक्या सीलचा फोटो पाठवला, तेल आणि सीलचे पैसे परत मागितले. दिले नाहीत तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवणार. दुरुस्ती ही सेवा आहे आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती बसते.

अडतीस हजारांचा बॉक्स लागला नाही. सील, तेल आणि मजुरी धरून 2,350 झाले, आणि या बिलावर तेलाचा ग्रेडही आहे, लिटरही आहेत. क्लचचं काम करून घेणाऱ्यानं हे दोन आकडे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.