मागे कोण वाजवतंय?

आमच्या घरी रेकॉर्ड लागली की बाबांचा प्रश्न ठरलेला, "मागे कोण वाजवतंय?" गायक कोण, हे ते कधी विचारत नसत. बाबा मुंबईत हिंदी सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवत. अख्ख्या रांगेतले एक. लहानपणी मी कॅसेटचा कागद उलटसुलट करून त्यांचे नाव शोधत असे. संगीतकार, गीतकार, गायक सारे असत, बाबा नसत. शाळेत मैत्रिणींना सांगितले, तर त्या हसल्या. "मग नाव का नाही?" तेव्हापासून मी ते सांगणेच सोडले. बाबांच्या हे लक्षात आले असेल का, ही बोच अजून जात नाही.

मागच्या महिन्यात भावाने जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हा तीन रेकॉर्डचा जुना संच आणला. बीटल्सची फाटाफूट झाली त्याच वर्षी, १९७० च्या नोव्हेंबरात, तो निघाला. बीटल्सच्या रेकॉर्डवर हॅरिसनच्या वाट्याला एखाद-दोन गाणी येत, त्यामुळे त्याच्याकडे गाणी साठून राहिली होती. वेष्टनावर हिरवळीवर तो एकटाच बसलेला, भोवती चार बुटके पुतळे.

आत मात्र वादकांची जत्रा! एरिक क्लॅप्टनची गिटार, रिंगो स्टारचे ड्रम्स, बिली प्रेस्टनचा ऑर्गन, क्लाउस फोरमानची बास गिटार. नॅशव्हिलहून पीट ड्रेक आपली पेडल स्टील गिटार घेऊन आलेला. बॅडफिंगर या बँडमधली पोरे नुसत्या साथीच्या गिटारी झोडायला. फिल स्पेक्टर हा निर्माता अनेक वाद्ये एकदमच वाजवून घेई, म्हणजे आवाज भिंतीसारखा भक्कम होई.

बाबांनी डोळे मिटले. "ऐक, तीन-चार गिटारी एकच काम करताहेत. एक काढली तर कळणार नाही. सगळ्या काढल्या तर गाणं पडेल."

मी त्यांना फिल कॉलिन्सची गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचा हा पोरगा त्या रेकॉर्डसाठी काँगा वाजवायला गेला. बोटे सोलवटेपर्यंत वाजवले; पण ते वादन गाण्यात राहिले नाही, मूळ वेष्टनावर नावही आले नाही. पुढे तो स्वतःच जगप्रसिद्ध गायक झाला.

"तुम्हाला वाईट नाही वाटायचं, बाबा?" इतक्या वर्षांनी मी विचारले.

"पैसे अडकायचे तेव्हा वाटायचं," ते हसले. "आणि एकदा तू शाळेत सांगणं बंद केलंस, तेव्हा."

मला बोलवेना. मी पेन्सिल घेतली आणि त्यांच्या एका जुन्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचे नाव लिहू लागले. त्यांनी हात धरला. "एकट्याचं नको गं. शेजारी बसायचे त्यांचंही लिही." रात्री अकरा वाजले तरी नावे संपली नव्हती.

शाळेत सांगायचे राहिले, ते आज इथे सांगते. माझे बाबा व्हायोलिन वाजवत.