डब्यावरची दोन अक्षरे

१/ इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख, बखरी, फार तर मोडी कागदांचे रुमाल उभे राहतात. आजच्या धाग्यातले साधन आहे इंजिन ऑइलच्या डब्यामागचा छोटासा गोल शिक्का. तो मला वाचता आला नाही, आणि त्यापायी एका वृद्ध माणसाच्या गाडीचे इंजिन माझ्या हातून बिघडले. धागा थोडा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. शेजारी एक निवृत्त यंत्रकारागीर राहत; उभा जन्म मोटार कारखान्यात गेलेला. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणे. त्यांच्या गॅरेजात १९६८ सालची पाँटिअ‍ॅक जीटीओ होती. तिचे ४०० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.६ लिटरचे इंजिन उघडून, नवा कॅमशाफ्ट घालून पुन्हा बांधून झाले होते. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते. त्या फेरीत नातीला शेजारी बसवून गाडी चालवायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

३/ जीटीओचे महत्त्व थोडक्यात सांगतो. जनरल मोटर्सचा तेव्हा दंडक होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही. पाँटिअ‍ॅक विभागात जॉन डीलोरीन आणि सहकाऱ्यांनी पळवाट काढली: ३८९ घन इंचांचे इंजिन त्यांनी १९६४च्या टेम्पेस्ट गाडीला ‘ऐच्छिक जोड’ म्हणून दिले. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या. ‘मसल कार’ या युगाचा आरंभ बहुतेक जण येथूनच मानतात.

४/ आजोबांना आता वाकवत नव्हते. ते म्हणाले, “ऑइल तेवढे तू भर. चांगले आण म्हणजे झाले.” मी दुकानातले सर्वांत महाग, अगदी नव्या मानकाचे ५डब्ल्यू-३० सिंथेटिक ऑइल आणले. नवे ते जुन्याहून सरसच असणार, हा माझा समज. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी असा समज बाळगायला नको होता.

५/ सुमारे दोनशे मैलांनंतर इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. फिल्टर कापून पाहिले, तर कागदाच्या घड्यांत चांदीसारखी चकाकणारी पूड. चुंबक धरले, ती सगळी चिकटली. लोखंडच होते. कॅमशाफ्ट बाहेर काढला, तेव्हा सोळांपैकी दोन उंचवटे जवळजवळ गोल झालेले. आजोबा काही बोलले नाहीत. हात पुसले आणि घरात गेले. ती ऑगस्टची फेरी हुकली.

६/ आता हे घडले कसे? कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दंड. तो फिरतो, उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, आणि त्यातून व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट १,५०० घेतो. म्हणजे प्रत्येक उंचवटा मिनिटाला दीड हजार वेळा, ताठ स्प्रिंगच्या दाबाखाली, टॅपेटच्या तळावर घासला जातो. जुन्या इंजिनांत टॅपेटचा तळ सपाट दिसतो. प्रत्यक्षात तो किंचित फुगीर असतो आणि उंचवट्याला सूक्ष्म उतार असतो. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज वाटली जाते.

७/ इतक्या दाबाखाली तेलाचा थर टिकत नाही. धातू धातूला भिडतो. तेथे उपयोगी पडते ते झिंक डायअल्किल डायथायोफॉस्फेट हे लांबलचक नावाचे रसायन. गॅरेजच्या बोलीत त्याला नुसते ‘झिंक’ म्हणतात. १९४०च्या दशकात ते तेलात आले, ते तेलाचे ऑक्सिडीकरण आणि बेअरिंगचे गंजणे थांबवण्यासाठी. झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर ध्यानात आला.

८/ त्याची रीत विलक्षण आहे. घर्षण आणि उष्णता यांनी हे रसायन विघटित होते आणि धातूवर काचेसारखा फॉस्फेटचा थर धरतो. जाडी साधारण १०० नॅनोमीटर. माणसाचा केस त्याहून शेकडो पट जाड. झिजतो तो हा थर, खालचे लोखंड नाही. झिजला की तेलातून नवा धरतो. गंमत अशी की नाव जस्ताचे असले, तरी त्या थराचा गाभा फॉस्फरसचा. हा फॉस्फरस पुढच्या कथेत खलनायक ठरतो.

९/ १९७० साली अमेरिकेत हवाशुद्धतेचा मोठा कायदा झाला. १९७५ पासून बहुतेक नव्या गाड्यांच्या धुराड्याच्या वाटेवर उत्प्रेरक यंत्र, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. त्यातले प्लॅटिनम गटातले धातू विषारी वायूंचे रूपांतर करतात. पण सिलिंडरात थोडे तेल जळतेच, आणि त्यातला फॉस्फरस त्या धातूंवर साचून त्यांना निकामी करतो. शिसे पेट्रोलमधून काढता आले. फॉस्फरस तेलातून सर्वस्वी काढणे शक्य नव्हते. तो हळूहळू कमी करण्यात आला.

१०/ ही घट डब्यावरच्या अक्षरांत नोंदलेली आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची पेट्रोल इंजिनांसाठीची मानके एखाद्या वंशावळीसारखी उतरतात: एसए, एसबी, एससी… पुढे एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी. एसजेच्या काळात, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, ५डब्ल्यू-३०सारख्या पातळ तेलांत फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.१० टक्के होती. २००४च्या एसएममध्ये ती ०.०८ झाली. २०डब्ल्यू-५०सारख्या जाड तेलांना हे बंधन तसे लागू नव्हते. मी नेमके पातळ तेल निवडले होते.

११/ नव्या गाड्यांचे यात काही बिघडले नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून डेट्रॉइटच्या व्ही-८ इंजिनांत घासणाऱ्या टॅपेटऐवजी चाक असलेले रोलर टॅपेट येऊ लागले: फोर्डच्या मस्टँगमध्ये १९८५ला, शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८मध्ये १९८७च्या सुमारास. जेथे घासणे गेले, तेथे ढालीची गरजही घटली. मानक बनवणाऱ्यांनी रस्त्यावरच्या कोट्यवधी गाड्यांचा विचार केला, आणि तो योग्यच होता. आजोबांची गाडी त्या हिशेबात बसत नव्हती, इतकेच.

१२/ हे सारे वाचून मी आजोबांकडे गेलो आणि म्हणालो, “दोष ऑइलचा, आणि ते आणणाऱ्या माझा.” त्यांनी शांतपणे विचारले, “पहिल्यांदा इंजिन सुरू केले, तेव्हा तू होतास का?” नव्हतो. “मी कार्ब्युरेटर जुळवत बसलो. दहाएक मिनिटे मंद गतीवर चालू होते.”

१३/ याचा अर्थ समजून घ्या. या इंजिनात कॅमशाफ्टला तेल मिळते ते मुख्यतः खाली फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या शिंतोड्यांतून. मंद गतीवर शिंतोडे कमी. म्हणून नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर इंजिन सुरू होताच ते मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांवर वीस-तीस मिनिटे चालवावे, असा नियम आहे. जन्मभर यंत्रांवर काम केलेल्या माणसाला तो ठाऊक होता. त्या दिवशी नात आली होती. बोलण्याच्या नादात राहून गेले.

१४/ मग अपराधी कोण? ऑइल, मंद गती, नव्या कॅमशाफ्टच्या ताठ स्प्रिंगा, की टॅपेटचा दर्जा? एक बोट एकावर ठेवता येत नाही. साम्राज्ये का कोसळली याची एकच एक कारणे आपण हसण्यावारी नेतो. पण स्वतःच्या गॅरेजात मात्र मला एकच कारण हवे होते, कारण त्यात माझी शिक्षा ठरलेली होती आणि सुटकाही.

१५/ आणखी एक दंतकथा. ‘साठच्या दशकातले ऑइल जस्ताने समृद्ध होते’ असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक हे प्रमाण वाढले ते मुख्यतः सत्तरच्या दशकात, आणि त्यामागे तापलेले तेल घट्ट होऊ नये हेही मोठे कारण होते. तोवर मसल कारचे युग संपत आले होते. मूळ जीटीओ १९७४ला बंद झाली. आपण ज्याला ‘जुन्या गाडीचे अस्सल ऑइल’ म्हणतो, ते बरेचदा तिच्या नंतरच्या पिढीचे असते.

१६/ तर निवड कशी करावी? सपाट टॅपेटच्या गाडीसाठी डब्यावरची जाहिरात न वाचता उत्पादकाचे माहितीपत्रक वाचावे. फॉस्फरस आणि जस्त दोन्ही १,००० ते १,२०० पीपीएमच्या आसपास असावेत, ०.१० टक्के म्हणजेच १,००० पीपीएम. जास्त म्हणजे चांगले, असेही नाही: अतिरेक झाला की हेच रसायन धातूला बाधते. निव्वळ शर्यतीच्या ऑइलमध्ये मळ धरून ठेवणारे घटक कमी असतात. ते रोजच्या वापराला नको. आणि कन्व्हर्टर असलेल्या आपल्या नव्या गाडीत हे ऑइल घालू नये.

१७/ दुसरा कॅमशाफ्ट हिवाळ्यात बसला. ऑइल मीच आणले, या वेळी माहितीपत्रकासकट. इंजिन सुरू झाले, तेव्हा आजोबांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिले आणि स्वतः कार्ब्युरेटरपासून दूर उभे राहिले. पंचवीस मिनिटे आम्ही दोघे एक अक्षर बोललो नाही.

१८/ नंतर त्यांनी गाडीच्या खणातली १९६८ची मालकपुस्तिका दाखवली. ऑइलच्या पानावर दोन अक्षरे होती: ‘एमएस’. तेव्हाच्या पद्धतीत कठोर वापरासाठीचे तेल. आज कोणत्याही दुकानात ही अक्षरे सापडत नाहीत. पुस्तिका खोटी नाही, डबाही खोटा नाही. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास मात्र दोहोंपैकी एकावरही छापलेला नाही. तो आपल्याला वाचावा लागतो.

१९/ पुढच्या ऑगस्टमध्ये जीटीओ वुडवर्डवर निघाली. नात पुढे, मी मागे. सिग्नलला गाडी थांबली की आजोबा मान किंचित कलती करून इंजिनाचा आवाज ऐकत, आणि मीही ऐकत असे. टकटक नव्हती.

धागा समाप्त. आपल्या घरी जुन्या स्कूटरची वा मोटारीची मालकपुस्तिका असेल, तर रद्दीत देऊ नका.